दोन पात्यांचा मेळ : कात्रीचा इतिहास आणि तिचे कारागीर

कात्री म्हणजे एका खिळ्याभोवती फिरणाऱ्या दोन सुऱ्या, हे तिचे वर्णन वरवर पाहता पुरेसे वाटते; परंतु उत्तम धारेच्या दोन सुऱ्या खिळ्याने जोडल्या तरी त्यांची कात्री होत नाही, हे ती घडवणारे कारागीर शतकानुशतके जाणून आहेत. सुरीला कापताना खाली पाट किंवा फळी असा काही आधार लागतो, तर कात्रीत एका पात्याला दुसरे पातेच आधार देते. कापड, कागद किंवा केस दोन धारांच्या मध्ये सापडतात, एक धार त्यांना वरून दाबते आणि दुसरी खालून, आणि या परस्परविरुद्ध दाबाने, ज्याला यंत्रशास्त्रात कर्तन म्हणतात, त्यांचे दोन भाग होतात. त्यासाठी दोन्ही पाती अगदी सरळ असून चालत नाही. प्रत्येक पाते लांबीत किंचित बाकदार आणि आतल्या बाजूने थोडे पोकळ घासलेले असावे लागते. त्यामुळे कात्री मिटताना पाती कोणत्याही क्षणी एकाच बिंदूत एकमेकींना भिडतात आणि तो बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. बाक कमी पडला तर कापड कापले न जाता पात्यांमध्ये दुमडते, आणि तो जास्त झाला तर धारा एकमेकींना झिजवतात. कात्रीचा कस तिच्या पोलादाइतकाच या जुळणीवर अवलंबून असतो, आणि म्हणून कात्रीचा इतिहास हा मुख्यतः ही जुळणी साधणाऱ्या, बहुतांशी अनाम राहिलेल्या हातांचा इतिहास आहे.

कमानीपासून खिळ्यापर्यंत

कात्रीचे सर्वांत जुने रूप खिळ्याशिवायचे होते. धातूची एकच लांब पट्टी मधोमध इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकवून तिच्या दोन टोकांना पाती काढलेली असत. मुठीत दाबली की पाती एकमेकींवर सरकत आणि हात सैल सोडला की वाकवलेल्या भागाच्या लवचीकपणामुळे ती आपोआप उघडत. या प्रकाराला कमानीची कात्री म्हणता येईल. तिचा प्रसार लोहयुगात, म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात, झाला आणि त्याचे एक मोठे कारण मेंढ्यांची लोकर हे होते. आदिम जातींच्या मेंढ्या वर्षातून एकदा आपोआप लोकर गाळत आणि माणसे ती हाताने उपटून गोळा करत. सतत वाढणारी लोकर देणाऱ्या मेंढ्या पाळल्या जाऊ लागल्यावर मात्र ती कातरण्याचे हत्यार आवश्यक ठरले. कांशाच्या तुलनेत लोखंड आणि पोलाद यांना लवचीकपणा व धार हे दोन्ही गुण एकत्र देता येत असल्याने कमानीची कात्री लोखंडात अधिक उपयोगी ठरली. युरोपातील केल्टिक लोकांच्या दफनांमध्ये इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारापासून अशा लोखंडी कात्र्या वस्तऱ्यांबरोबर ठेवलेल्या सापडतात. त्यावरून केस आणि दाढी यांची निगा राखण्यासाठीही तिचा वापर होत असावा असे दिसते.

मध्यभागी खिळा असलेली, दोन स्वतंत्र पात्यांची कात्री रोमन साम्राज्यात इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास प्रचारात आली. कात्रीचा शोध लिओनार्दो दा विंची याने लावला असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, ते निराधार आहे. त्याच्या जन्माआधी सुमारे तेराशे वर्षे रोमन कारागीर खिळ्याची कात्री वापरत होते. तरीही तिने कमानीच्या कात्रीला लगेच मागे सारले नाही. खिळ्याच्या कात्रीत पाती स्वतंत्रपणे घडवून, नंतर ती एकमेकींशी अचूक जुळवावी लागतात आणि खिळा सैल झाला की काम बिघडते. कमानीच्या कात्रीत हा प्रश्नच नसतो. त्यामुळे युरोपात सोळाव्या शतकापर्यंत कमानीची कात्री घरोघर होती आणि मेंढपाळांच्या हाती ती पुढेही राहिली. जपानमध्ये शिवणकामातील दोरा कापण्यासाठी मुठीत मावणारी कमानीची लहान कात्री आजही वापरली जाते. एखादे जुने साधन टिकून राहते तेव्हा त्यामागे केवळ सवय नसते, एका विशिष्ट कामासाठी तेच योग्य असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतीय ग्रंथांतील साक्ष

भारतात दोन पात्यांच्या हत्याराचा सर्वांत स्पष्ट उल्लेख शस्त्रक्रियेच्या संदर्भात येतो. सुश्रुतसंहितेत बोथट साधनांना ‘यंत्र’ आणि धारदार साधनांना ‘शस्त्र’ म्हटले असून शस्त्रांचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘शरारीमुख’ हे शरारी नावाच्या पक्ष्याच्या चोचीसारखे दिसणारे शस्त्र म्हणजे कात्री होय, असा अर्थ अभ्यासक लावतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर ‘कर्तरी’ या नावानेच एक शस्त्र येते आणि स्नायू, सूत्र व केस कापणे ही तिची कामे सांगितली आहेत. शरीराच्या आत काम करताना सुरीचा दाब खालच्या भागाला इजा करू शकतो, तर कात्री जे दोन पात्यांत धरले आहे तेवढेच कापते. हा फरक प्राचीन वैद्यांच्या ध्यानात आला होता, असे या नोंदींवरून म्हणता येते. नाट्यशास्त्रात एका हाताने करावयाच्या ज्या चोवीस हस्तमुद्रा सांगितल्या आहेत, त्यांत ‘कर्तरीमुख’ ही मुद्रा आहे. एखाद्या वस्तूच्या आकारावरून अभिनयाच्या मुद्रेला नाव मिळते, तेव्हा ती वस्तू प्रेक्षकांच्या नित्य परिचयाची असली पाहिजे.

कापडाच्या बाबतीत मात्र भारताची परिस्थिती वेगळी होती. धोतर, लुगडे, उपरणे आणि पागोटे ही वस्त्रे मागावरून उतरली की जशीच्या तशी अंगाला गुंडाळली जात. त्यांना कात्री लावण्याचे कारण नव्हते. शिवलेले कपडे भारतात अज्ञात होते असे मात्र नाही. मथुरेत सापडलेल्या कनिष्काच्या शिरोहीन पुतळ्यावर घेरदार अंगरखा कोरलेला आहे, आणि पुढच्या शतकांत सैनिक, दरबारी व थंड प्रदेशांतील लोक यांच्यात शिवलेल्या वस्त्रांचा प्रसार वाढत गेला. त्याबरोबर कापड बेतणारा, म्हणजे अंगाच्या मापाप्रमाणे कापडाची आखणी करून ते कापणारा, कारागीर समाजात स्थिर झाला. महाराष्ट्रात या कारागिराची सर्वांत मोठी साक्ष संत नामदेवांची आहे. शिंपी कुळात जन्मलेल्या नामदेवांची (१२७०–१३५०) जी हिंदी पदे शिखांच्या आदिग्रंथात १६०४ साली समाविष्ट झाली, त्यांतील आसा रागातील एका पदात त्यांनी मनाला गजाची आणि जिभेला कात्रीची उपमा देऊन यमाचा फास कापण्याची कल्पना मांडली आहे. गज म्हणजे कापड मोजण्याची काठी, आणि या पदात ती कात्रीच्या शेजारी येते, हे लक्षणीय आहे. आधी माप आणि मग काप हा शिंप्याच्या धंद्याचा क्रम भक्तीच्या भाषेत इतक्या सहजपणे उतरला, तो ते हत्यार रोज हातात धरणाऱ्या घरातून आल्यामुळेच.

वीस किलोंची कात्री आणि तिच्यासाठी झालेला लढा

कात्रीच्या विशेष उपयोगांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपयोग आज जवळपास विसरला गेला आहे. इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड विणून झाल्यावर ते पाण्यात कुटून दाट केले जाई, मग एका काटेरी फुलाच्या बोंडांनी घासून त्यावरचे तंतू उभे केले जात, आणि शेवटी हे उभे तंतू कात्रीने एकसारखे छाटले जात. छाटणी जितकी सफाईदार तितके कापड मऊ आणि तितका त्याला भाव जास्त. ही छाटणी करणाऱ्या कारागिरांना क्रॉपर म्हणत. त्यांची कात्री सुमारे चार फूट लांब आणि वीस किलोंच्या आसपास वजनाची असे. ती उताराच्या मेजावर ताणलेल्या कापडावर आडवी ठेवून चालवावी लागे, आणि हात किंचित चुकला तरी आठवड्यांच्या मेहनतीचे कापड वाया जाई. या कौशल्यामुळे क्रॉपर हे कापडधंद्यातील सर्वांत चांगली मजुरी मिळवणाऱ्या आणि सर्वांत संघटित कारागिरांपैकी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाण्याच्या शक्तीवर कात्र्या चालवणारी चौकट, म्हणजे शिअरिंग फ्रेम, यॉर्कशरच्या गिरण्यांत बसवली जाऊ लागली, आणि मोजकी माणसे अनेक क्रॉपरांचे काम करू लागली. १८१२ साली क्रॉपरांनी या चौकटी फोडण्याची मोहीम उघडली. इतिहासात ती लडाइट चळवळीचा भाग म्हणून ओळखली जाते. ज्या अवजड घणांनी चौकटी फोडल्या जात, त्यांना ते ‘इनॉक’ म्हणत, कारण ते घण मार्सडन गावच्या इनॉक टेलर या लोहाराच्या कारखान्यात तयार होत, आणि चौकटीही त्याच कारखान्यातून येत. ११ एप्रिल १८१२ च्या रात्री रॉफोल्ड्स येथील गिरणीवर झालेला हल्ला परतवला गेला, त्यानंतर विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा खून झाला, आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जणांना फाशी देण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश संसदेने यंत्र फोडण्याच्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरवली होती. या कारागिरांना प्रगतीचे शत्रू ठरवणे सोपे आहे, परंतु त्यांचा विरोध सरसकट यंत्राला नव्हता. वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळवलेले कसब एका हंगामात निरुपयोगी ठरत असताना त्यांच्या उपजीविकेची जबाबदारी कोणीही घेत नव्हते, ही त्यांची तक्रार होती. पुढे क्रॉपरांचा धंदा पूर्णपणे बुडाला.

शेफील्ड, झोलिंगन आणि हांगझोउ

खिळ्याची कात्री घरोघर पोहोचली ती पोलादाच्या इतिहासातील एका बदलामुळे. इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव चाकू-कात्र्यांसाठी आधीपासून प्रसिद्ध होते आणि १६२४ साली संसदेच्या कायद्याने तेथे कारागिरांच्या मालाची गुणवत्ता राखणारी ‘कंपनी ऑफ कटलर्स’ स्थापन झाली होती. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवून एकजिनसी करण्याची पद्धत तेथे बसवली, आणि १७६१ साली रॉबर्ट हिंचलिफ याने या ओतीव पोलादाच्या, कडक व चकचकीत कात्र्या घडवण्यास सुरुवात केली. त्याआधीच्या पोलादात कुठे कठीण तर कुठे नरम असे भाग राहत आणि धार सर्वत्र सारखी टिकत नसे. मुशीतील पोलादाने हा दोष दूर केला.

शेफील्डच्या कात्रीधंद्यात कामाची विभागणी अतिशय बारीक होती. एक कारागीर पाती घडवी, दुसरा फिरत्या दगडावर ती घासून धार काढी, आणि तिसरा, ज्याला तेथे ‘पटर’ म्हणत, दोन पाती जुळवी. पटर लहान ऐरणीवर हातोडीचे हलके ठोके देऊन प्रत्येक पात्याला बाक देई, खिळा बसवी, कात्री उघडून मिटून तिचा आवाज ऐके, आणि पुन्हा ठोका देई. या कामाला मोजमापाचे कोष्टक नव्हते. हात आणि कान यांनीच ते शिकावे लागे. घासणाऱ्यांच्या वाट्याला मात्र धंद्यातील सर्वांत मोठे दुःख आले. वालुकाश्माच्या दगडावर कोरडे घासकाम करताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांत साठून त्यांना श्वसनाचा असाध्य विकार जडे. शेफील्डच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या ‘घासणाऱ्यांच्या दम्या’ची नोंद केली आणि फ्रीडरिख एंगेल्स याने १८४५ च्या आपल्या ग्रंथात तिचा आधार घेतला. कात्रीच्या चकाकीची किंमत माणसांनी श्वासाने चुकती केली, हे तिच्या इतिहासातून गाळता येत नाही.

जर्मनीतील झोलिंगनने वेगळा मार्ग घेतला. तेथे पात्यांचा कच्चा आकार हाताने घडवण्याऐवजी साच्यात तापलेल्या पोलादावर यंत्राचा घण पाडून काढला जाऊ लागला. १८८६ साली सुरू झालेला हेंड्रिक्स हा असा कारखाना बरोबर शंभर वर्षे चालला आणि आता तो औद्योगिक संग्रहालय म्हणून जपला आहे. झोलिंगन हे नाव केवळ त्या परिसरात तयार झालेल्या पात्यांच्या मालावरच घालता यावे यासाठी १९३८ साली स्वतंत्र नियम करण्यात आला. चीनमध्ये हांगझोउ येथील झांग शियाओछुआन हे कात्र्यांचे घराणे आपला आरंभ १६६३ पासून मोजते, आणि तेथील हाताने कात्री घडवण्याची कला २००६ साली चीनच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली. या सर्व ठिकाणी यंत्र पाती घडवण्याच्या आणि घासण्याच्या कामात लवकर शिरले, जुळणीच्या कामात उशिरा. उत्तम प्रतीच्या कात्रीत अजूनही शेवटचा ठोका माणसाच्या हाताचाच असतो.

मेरठची कैंची

भारतात कात्री म्हटली की मेरठचे नाव येते. स्थानिक परंपरा या धंद्याचा आरंभ सतराव्या शतकाच्या मध्यात मानते, आणि शहराच्या जुन्या भागातील कैंचियान नावाची वस्ती या कारागिरांमुळेच ओळखली जाते. मेरठच्या कात्रीचे वैशिष्ट्य तिच्या कच्च्या मालात आहे. ट्रक, बस आणि मोटारी यांच्या निकामी झालेल्या कमानपाट्यांचे कार्बनयुक्त पोलाद भंगारातून विकत घेतले जाते. कमानपाटे सतत वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी बनवलेले असल्याने त्यांचे पोलाद चिवट असते आणि त्याला पाणी दिले, म्हणजे तापवून एकदम थंड केले, की ते कठीण होऊन धार धरते. त्याचे तुकडे भट्टीत तापवून पात्याच्या आकाराला आणले जातात. मुठी पितळ, ॲल्युमिनियम किंवा मिश्रधातू यांच्या ओतीव असतात आणि त्यासाठीही जुनी भांडी व भंगार वितळवले जाते. घडवणे, पाणी देणे, घासणे, मूठ बसवणे, भोक पाडणे, जुळवणे आणि चकाकी देणे ही कामे वेगवेगळ्या लहान कारखान्यांत होतात आणि एक कात्री पुरी होण्याआधी अनेक हातांखालून जाते.

मेरठच्या कात्रीविषयी आजोबाने ती विकत घ्यावी आणि नातवाने ती वापरावी अशा आशयाची म्हण उत्तर भारतात प्रचलित आहे, आणि ती केवळ कौतुकाची नाही. या कात्रीचा खिळा सैल करता येतो, पाती वेगळी काढून पुन्हा घासता येतात, बाक पुन्हा देता येतो, आणि पाते झिजून अरुंद झाले तरी ती काम देत राहते. जी वस्तू सोडवून दुरुस्त करता येते तीच तीन पिढ्या टिकू शकते. २०१३ साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. तथापि नावाचे संरक्षण म्हणजे कारागिराचे संरक्षण नव्हे. पत्र्यातून ठोकून काढलेल्या, मुठीला रंगीत प्लास्टिक असलेल्या आणि बोथट होताच टाकून देण्यासाठी बनवलेल्या स्वस्त आयात कात्र्यांनी बाजार व्यापला आहे, आणि बंद खोल्यांत घासकाम करणाऱ्यांच्या श्वासाचा प्रश्न मेरठमध्येही तितकाच गंभीर आहे. शेफील्डचा अनुभव समोर असताना धूळ खेचून घेणारी यंत्रे आणि कारागिरांची नियमित तपासणी यांची व्यवस्था ही धंद्याच्या जतनातील पहिली गोष्ट ठरली पाहिजे.

महाराष्ट्रातील हात

महाराष्ट्रात कात्रीच्या उपयोगांचा विचार करताना शिंपी, न्हावी, धनगर आणि शिकलगार हे चार समाज समोर येतात. शिंप्याच्या कामात कात्रीपेक्षा बेतण्याची बुद्धी मोठी मानली जाई, कारण खणाच्या अपुऱ्या कापडातून चोळी काढताना एकही तुकडा वाया जाऊ न देणे हीच खरी कसोटी होती. जे कातरण उरे, तेही फेकले न जाता गोधडीत जाई. न्हाव्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारे ठेवण्याच्या चामडी पिशवीत, वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नहरणी, चिमटा आणि आरसा असे. गावगाड्यात बलुतेदार म्हणून वर्षाच्या धान्यावर सेवा देणारा हा कारागीर शहरात आल्यावर रोख मजुरीचा धंदेवाईक झाला, आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जमलेल्या न्हावी बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. हत्यार कोणत्या कामाला लावावे याचा अधिकार ते धरणाऱ्याला आहे, हे या प्रसंगाने महाराष्ट्राला दाखवून दिले. धनगर आपल्या दख्खनी मेंढ्या नदीवर धुऊन मोठ्या कात्रीने त्यांची काळी, भरड लोकर कातरतात; त्या लोकरीची घोंगडी सनगर आणि धनगर विणतात.

शिकलगार हा मूळचा तलवारी आणि इतर शस्त्रे यांना धार व झिलई देणारा समाज. संस्थानांच्या फौजा आणि शस्त्रांचा वापर कमी होत गेल्यावर, विशेषतः १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आल्यावर, त्यांच्या सहाणेवर तलवारींच्या जागी विळ्या, सुऱ्या आणि कात्र्या आल्या. शहरांतील गल्ल्यांतून पायाने फिरवायचे चाक घेऊन हिंडणारा धारवाला हा त्या जुन्या शस्त्रविद्येचाच वारस म्हटला पाहिजे. कात्रीला धार लावणे हे सुरीला धार लावण्याहून अवघड असते, कारण धारेचा कोन चुकला किंवा पात्याची आतली बाजू सपाट घासली गेली, तर पाती कितीही तीक्ष्ण होऊनही एकमेकींना भिडत नाहीत आणि कात्री कायमची बिघडते.

कात्रीच्या कुळात अडकित्त्याचाही समावेश करावा लागतो. त्यात खिळा मधोमध नसून टोकाला असतो, एकच पाते धारदार असते आणि सुपारी खालच्या जाड भागावर ठेवून दाबली जाते. खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी दोहोंच्या मध्ये असल्याने थोड्या बळात कठीण सुपारी फुटते. कात्री कामाच्या गरजेने साधी राहिली, तर अडकित्ता पानाच्या डब्यातील मानाची वस्तू असल्याने सजत गेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोर, पोपट, घोडे आणि स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा आकारांचे पितळी अडकित्ते पाहायला मिळतात.

प्रत्येक कामाची वेगळी कात्री

एकाच तत्त्वातून किती रूपे निघू शकतात हे गेल्या दोन शतकांतील विशेष कात्र्यांवरून कळते. शिंप्याच्या मोठ्या कात्रीची मूठ वर वाकवलेली असते, त्यामुळे खालचे पाते मेजावर टेकून सरकते आणि कापड उचलले न गेल्याने रेषा सरळ राहते. अमेरिकेतील नेवार्क येथे रोकस हाइनिश याने अशा वाकड्या मुठीच्या कात्र्यांना कारखान्याचे रूप दिले. १८५१ साली सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट घेतल्यावर शिवण्याचा वेग वाढला, पण कापणे मागे पडले, म्हणून लीड्सच्या जॉन बॅरन याने १८५८ साली लाकूड कापण्याच्या पट्टा-करवतीच्या धर्तीवर कापडाचे अनेक थर एकदम कापणारी पट्टा-सुरी वापरात आणली. तेव्हापासून तयार कपड्यांच्या कारखान्यातून कात्री मागे सरली आणि मापाने शिवणाऱ्या शिंप्याच्या हाती राहिली. दातेरी धारेची कात्री कापडाची कड नागमोडी कापते. नागमोडी कडेतून धागे सहज सुटत नाहीत, आणि अशा कात्रीचे एक पेटंट १८९३ साली अमेरिकेत लुईझ ऑस्टिन या महिलेने मिळवले.

शस्त्रक्रियेतील कात्र्यांत हा भेद आणखी सूक्ष्म आहे. मेयो कात्री जाड पात्यांची असून कठीण ऊती आणि टाके कापण्यासाठी वापरतात. मेट्झेनबाउम कात्री, जिला क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक मायरन मेट्झेनबाउम यांचे नाव आहे, लांब मुठीची आणि लहान, नाजूक पात्यांची असून कोमल ऊतींसाठी असते. बँडेज कापण्याच्या कात्रीचे खालचे टोक चपटे व बोथट असते, म्हणजे ते पट्टी आणि त्वचा यांच्यामधून इजा न करता सरकते. मथुरेच्या सांझी कलेत कागदातून कृष्णलीलांची नक्षी काढण्यासाठी बारीक टोकाच्या खास कात्र्या वापरतात. डावखुऱ्यांसाठीची कात्री हे केवळ मुठीचे प्रकरण नाही: नेहमीची कात्री उजव्या हातात धरली असता अंगठा आणि बोटे यांचा स्वाभाविक दाब पात्यांना एकमेकींकडे लोटतो, तीच डाव्या हातात धरली तर तो दाब पात्यांना दूर लोटतो, म्हणून डावखुऱ्यांच्या कात्रीत पात्यांची मांडणीच उलट करावी लागते. १६४९ साली लोखंडाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या फिनलंडच्या फिस्कार्सने १९६७ साली ओलोफ बॅकस्ट्रॉम यांच्या आराखड्यानुसार हाताच्या आकाराला साजेशी, नारिंगी प्लास्टिक मुठीची कात्री आणली आणि हलकी, स्वस्त, तरी चांगली कात्री सर्वसामान्य घरांत पोहोचवली.

जतनाचा प्रश्न

शेफील्डमध्ये १९०२ साली स्थापन झालेल्या अर्नेस्ट राइट या कारखान्यातील पटरवर २०१४ साली एक लघुचित्रपट निघाला. तो जगभर पाहिला गेला आणि मागणी एकदम वाढली. तरीही २०१८ मध्ये कारखाना अडचणीत आला व नव्या मालकांनी तो पुन्हा उभा केला. या घटनेतून दिसते की लोकांना अशा कसबाविषयी आस्था आहे, पण आस्थेला शिकवण्याच्या व्यवस्थेची जोड नसेल तर ती पुरेशी ठरत नाही. ज्याला कोष्टक नाही ते ज्ञान पुस्तकातून उतरत नाही. ते शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याच्या शेजारी वर्षानुवर्षे बसवूनच पुढे जाते, आणि एका पिढीचा खंड पडला की ते परत मिळत नाही.

भारतापाशी अजून हा खंड पडलेला नाही. मेरठच्या कैंचियानमध्ये कात्री जुळवणारे आणि महाराष्ट्राच्या गावांत तिला धार लावणारे शिकलगार अजून काम करत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांना शिक्षक म्हणून बोलवावे, संग्रहालयांनी अडकित्त्यांप्रमाणेच शिंप्याची, न्हाव्याची आणि धनगराची कात्री, तिच्या कारागिराच्या माहितीसह, संग्रही ठेवावी, आणि ग्राहकांनी सोडवून दुरुस्त करता येणाऱ्या कात्रीला योग्य किंमत द्यावी, एवढे झाले तरी ही विद्या टिकू शकते. दोन पात्यांचा मेळ साधणे हे मानवी हाताने मिळवलेल्या सर्वांत सूक्ष्म कौशल्यांपैकी एक आहे, आणि ज्या समाजाला शस्त्रक्रिया, वस्त्र, केशरचना आणि कला या सर्वांसाठी त्याची गरज आहे, त्याने ते साधणाऱ्या माणसांना सन्मान आणि निरोगी आयुष्य देणे हे त्याचे कर्तव्य आहे.